पैवस्तीची तारीख

पेशवाईतील एखादे मोडी पत्र उलगडताना, शाई लवकर वाळावी म्हणून कारकुनाने त्यावर टाकलेल्या बारीक वाळूचे दोनचार कण अजूनही अक्षरांच्या वळणांत चिकटून राहिलेले आढळतात, आणि पत्र दिल्लीहून आलेले असेल तर ही वाळू यमुनेच्या पात्रातली असावी, असा विचार कितीही आवरला तरी मनात आल्यावाचून राहत नाही. माथ्यावर ‘श्री’, त्याखाली मायना, मग साष्टांग नमस्कार आणि विज्ञापना, मग ‘छ’ या अक्षरामागून येणारी चांद्र मासाची तारीख, आणि त्यानंतर खाडाखोड न करता एका दमात लिहीत गेलेला मजकूर, असे त्याचे रूप असते. मात्र मी असे पत्र हाती घेतले की आधी शोधतो ती दुसऱ्याच हाताने कोपऱ्यात किंवा पाठीवर टिपलेली एक ओळ, म्हणजे पत्र धन्याच्या दफ्तरी केव्हा पोहोचले ती पैवस्तीची तारीख. लिहिल्याची तारीख आणि पैवस्तीची तारीख यांच्यामध्ये जे दिवस गेले, त्या दिवसांत लिहिणाऱ्याच्या भोवती काय काय घडून गेले असेल, हे ज्याला मनाशी जुळवता येते, त्यालाच हे कागद खऱ्या अर्थाने वाचता येतात, असे माझे मत झाले आहे.

दिल्लीहून अशी पत्रे लिहिणाऱ्या पेशव्यांच्या वकिलाने काय लिहावे, याविषयी दरबाराची अपेक्षा स्पष्ट असे. बादशहाच्या मर्जीत कोण आणि मर्जीतून कोण उतरले, वजिराच्या हवेलीत रात्री कोणाची पालखी आली, कोणत्या फौजेची तलब किती महिन्यांची थकली, कोणता रोहिला कोणत्या जाटाशी सूत जमवीत आहे, खजिन्यात ऐवज किती आणि हुंडी कोणत्या दराने पटते, हे सारे त्याने अखबारनवीस, हरकारे, सराफ आणि खोजे यांच्याकडून काढून घ्यावे, पारखावे आणि जासुदाच्या जोडीबरोबर दक्षिणेस रवाना करावे. शहरातील रयत कशी जगते हा त्याच्या लेखनाचा विषय नव्हता, आणि तो कोणी त्याला विचारलाही नव्हता. म्हणूनच, ज्या वर्षी दिल्ली परक्या फौजेच्या ताब्यात जाते त्या वर्षीच्या कागदांत, राजकारणाच्या मजकुरात मध्येच धान्याचा भाव, ओस पडलेला बाजार, दार लावून बसलेली घरे यांचा उल्लेख डोकावू लागला, की माझा त्यावर इतर कोणत्याही वर्णनापेक्षा अधिक विश्वास बसतो. त्या माणसाला करुणेचा ग्रंथ रचायचा नव्हता. त्याला आपल्या धन्याचा लाभ आणि हानी कळवायची होती, आणि तेवढे कळवतानाही शहराचे दुःख त्याच्या लेखणीला टाळता आले नाही.

दिल्लीच्या या वकिलीचे मूळ पुरुष महादेवभट हिंगणे. नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या घराण्यातील हे गृहस्थ १७१९ साली बाळाजी विश्वनाथांच्या दिल्लीच्या स्वारीबरोबर उत्तरेस गेले आणि पुढे मराठ्यांची दिल्लीची वकिली त्यांच्याच घराण्यात स्थिरावली. बापूजी, दामोदर, पुरुषोत्तम आणि देवराव या त्यांच्या चार पुत्रांनी ती चालवली. घर गोदावरीकाठच्या चांदोरीस आणि आयुष्य मात्र यमुनेच्या काठी, अशी या मंडळींची रीत झाली. ज्याने बालपणी रामकुंडावर संकल्प ऐकले त्याने प्रौढपणी लाल किल्ल्याच्या सावलीत फारसी अदब सांभाळीत उभे राहावे, तुराणी आणि इराणी उमरावांच्या तंट्यांतून वाट काढावी, आणि रात्री समईच्या उजेडात हे सगळे मराठीत उतरवून काढावे, ही गोष्ट आपण सहज वाचून पुढे जातो. वस्तुतः ती मोठ्या बुद्धिसामर्थ्याची साक्ष आहे.

१७५२ साली या वकिलीला नवे वजन आले. वजीर सफदरजंगाच्या मध्यस्थीने शिंदे आणि होळकर यांनी पेशव्यांच्या वतीने बादशहाशी अहदनामा केला, आणि त्यात पन्नास लक्ष रुपयांच्या बदल्यात मराठ्यांनी बादशहाचे बाहेरच्या आणि घरच्या शत्रूंपासून रक्षण करावे असे ठरले. अजमेर आणि आग्र्याची सुभेदारी, पंजाब व सिंधची चौथाई असे कितीतरी त्यात मिळाले, कागदावर मिळाले म्हणावे; परंतु त्याबरोबर एक जबाबदारीही अंगावर आली आणि पुढची सारी पत्रे या जबाबदारीच्या प्रकाशात वाचली पाहिजेत. अहदनाम्यानंतरचा मराठ्यांचा वकील हा परक्या शहरावर आलेले संकट तटस्थपणे पाहणारा मनुष्य राहिला नव्हता. ज्या शहराचे रक्षण करण्याचे वचन त्याच्या धन्याने दिले होते, त्याच शहराची लूट तो लिहून काढीत होता.

पेशव्यांची काही हजारांची फौज दिल्लीच्या बाजूस ठेवलेली होती आणि तिचे सरदार होते अंताजी माणकेश्वर. हिंगणे आणि अंताजी यांचे पटत नसे. एकाने दुसऱ्याच्या हिशेबावर बोट ठेवावे, दुसऱ्याने पहिल्याच्या सावकारीचा उल्लेख करावा, दोघांनीही पुण्यास आपली निष्ठा कळवावी, हा प्रकार वर्षानुवर्षे चालला. म्हणून एका कागदावरून निर्णय करू नये. दोघांची पत्रे शेजारी शेजारी मांडावीत. ज्या गोष्टीने दोघांपैकी कोणाचाही लाभ होत नाही आणि तरीही जी दोघांच्या बाजूंनी येते, ती गोष्ट खरी धरायला हरकत नाही.

आता प्रसंगाकडे वळू. पंजाबचा कर्तबगार सुभेदार मीर मन्नू १७५३ च्या नोव्हेंबरात वारला, आणि लाहोरचा कारभार त्याची विधवा मुघलानी बेगम हिच्या हाती आला. दिल्लीत गाजीउद्दीन इमादुल्मुल्क या तरुण आणि अत्यंत साहसी वजिराने १७५४ त बादशहा अहमदशहाला पदच्युत करून त्याचे डोळे काढवले आणि वृद्ध आलमगीर दुसरा याला तख्तावर बसवले. त्यानेच पुढे लाहोरही बेगमेच्या हातून काढून घेतले. अपमानित झालेल्या बेगमेने काबूल-कंदाहारकडे मदत मागितली. तेथील अफगाण बादशहा अहमदशहा अब्दाली याला निमित्तच हवे होते. १७५६ च्या डिसेंबरात लाहोर त्याच्या हाती पडले, आणि जानेवारीच्या मध्यापर्यंत त्याच्या आघाडीच्या फौजा दिल्लीच्या उत्तरेस नरेल्याजवळ येऊन ठेपल्या. तेथे अंताजी माणकेश्वरांनी त्यांना तोंड दिले. परंतु नजीबखान रोहिला, जो वजिराचा म्हणून मोजला जात होता, तो आपल्या पठाणांसह शत्रूस मिळाला, आणि मग वजिरानेही अब्दालीच्या छावणीत जाऊन शरणागती पत्करली. दिल्ली लढलीच नाही. मशिदीत खुतबा अब्दालीच्या नावाने वाचला गेला, आणि २८ जानेवारी १७५७ रोजी त्याने किल्ल्यात प्रवेश केला.

याआधी अठरा वर्षांपूर्वी नादिरशहाने याच शहराची कत्तल केली होती, आणि त्या कत्तलीचा आरंभ पहाडगंजच्या धान्यबाजारात भाव ठरवण्यावरून झालेल्या बाचाबाचीत होता. शहराला ते स्मरत होते. ज्या आजीने १७३९ साली नातवंडांना तळघरात लपवले असेल तिची नातवंडे आता घरची कर्ती झाली होती, आणि त्यांना काय करायचे ते ठाऊक होते. ज्यांच्याजवळ गाडी-घोडे होते ते मथुरेकडे आणि सूरजमल जाटाच्या किल्ल्यांकडे निघून गेले. राहिले ते ज्यांना निघता आले नाही, आणि ज्यांचा मोठेपणाच असा होता की निघणे त्यांना शोभले नसते.

अब्दालीची पद्धत नादिरशहाहून वेगळी होती. त्याने एका दिवसाची कत्तल केली नाही. त्याने शहराची आकारणी केली. मोहल्ल्यांवर आणि हवेल्यांवर खंडणी बसवली गेली, वसुलीसाठी शिपाई घराघरांत बसवले गेले, आणि देणे न चुकवणाऱ्यांना मारहाण आणि यातना यांनी बोलते करण्यात आले. कित्येकांनी विष घेऊन सुटका करून घेतली, आणि कित्येक मारानेच मेले. व्यवस्थित चालणारी लूट ही बेबंद लुटीपेक्षा अधिक खोल जाते, हे या महिन्याच्या वृत्तांतांवरून लक्षात येते. बेबंद शिपाई दिसेल ते घेऊन जातो आणि त्याची पाठ वळली की भिंतीतले उरते. हिशेबी कारकून मात्र भिंतीत काय असावे याचा अंदाज बांधून बसतो. त्यातच, कोणत्या हवेलीत काय पुरलेले आहे हे जिला ठाऊक होते, ती मुघलानी बेगम अब्दालीच्या छावणीत होती.

माजी वजीर कमरुद्दीनखानाचा पुत्र इंतिजामुद्दौला याच्याकडे एक कोट रुपयांची मागणी झाली. आपल्याजवळ नाही, असे तो म्हणाला. मग त्याची आई शोलापुरी बेगम हिला बोलावणे गेले. मोठ्या वजिराची ही विधवा. आयुष्यभर पडद्याआड राहिलेली. नखांत खिळे ठोकण्याची धमकी ऐकल्यावर तिने जुन्या वाड्यातील पुरलेल्या ठेव्याची जागा सांगितली. शंभर मजुरांनी सहा तास खणले, तेव्हा सोळा लक्षांचा नगद ऐवज, जवाहीर, आणि माणसाच्या उंचीच्या दोनशे सोन्याच्या समया बाहेर आल्या, असा त्या वेळचा वृत्तांत आहे. आकड्यांत थोडेफार कमीजास्त असेल. पण कुदळीचा आवाज ऐकत, ज्या भुईखाली पतीने घराण्याचे भविष्य पुरून ठेवले त्या भुईची माती उपसली जाताना तिने काय अनुभवले असेल, याचा विचार मनात येतोच. आणि हेही आठवते की हा ठेवा मूळचा कोणा दुसऱ्याच रयतेच्या घामातून आलेला होता.

बादशाही जनानखान्याचीही तीच गत झाली. मुहम्मदशहाची सोळा वर्षांची मुलगी हजरत बेगम हिच्याशी अब्दालीने स्वतः निकाह लावला, आणि आलमगिराची मुलगी आपल्या तैमूर या मुलास केली. परतीच्या वेळी हजरत बेगमेबरोबर तिची आई साहिबा महल आणि मुहम्मदशहाची पट्टराणी मलिका-इ-जमानी याही दिल्ली सोडून अफगाणिस्तानच्या वाटेला लागल्या. मुलीला एकटी परमुलखात पाठवण्यापेक्षा त्यांनी स्वतःच देशांतर पत्करले. राजकारणाच्या टिपणात हा मजकूर ‘शरीरसंबंध झाला’ एवढ्या दोन शब्दांत मावतो.

इकडे अंताजी माणकेश्वर दिल्लीच्या दक्षिणेस फरीदाबादेजवळ तळ देऊन होते. १ फेब्रुवारीस अब्दालीचा सेनापती जहानखान याच्या मोठ्या फौजेने त्यांना गाठले. त्यांचे बरेच लोक पडले, उरलेल्यांनिशी ते मथुरेकडे निघाले, आणि फरीदाबाद जाळले गेले. अहदनाम्यातील रक्षणाच्या वचनाची या प्रसंगापुरती एवढीच पूर्तता झाली. ती अंताजींच्या बाजूने हलकी नव्हती. थोड्या फौजेनिशी ते एकटेच लढले. परंतु दिल्लीकरांच्या दृष्टीने तिचा उपयोग शून्य झाला, हेही तितकेच खरे आहे.

मग पेशवे कोठे होते? येथेच ती पैवस्तीची तारीख बोलू लागते. १७५७ च्या आरंभी नानासाहेब पेशवे कर्नाटकाच्या स्वारीवर श्रीरंगपट्टणाच्या रोखाने गेले होते. रघुनाथराव आणि मल्हारराव होळकर उत्तरेच्या स्वारीवर निघाले खरे, पण फेब्रुवारीत ते इंदुरासच होते, आणि तेथून राजस्थानातील खंडण्यांची कामे उरकीत पुढे सरकत होते. दिल्लीहून निघालेला जासूद प्रथम पठाणांच्या चौक्या चुकवणार, मग चंबळ, नर्मदा आणि तापी ओलांडून पुण्यास येणार, आणि तेथून त्याचा मजकूर कृष्णा-तुंगभद्रेपलीकडे धन्याच्या छावणीत जाणार. हिंदुस्थानच्या एका टोकाचे शहर जळते आहे हे राज्याच्या सूत्रधारास दुसऱ्या टोकाला कळायचे, आणि कळून त्याने हुकूम लिहायचा, आणि तो हुकूम पुन्हा त्याच वाटेने परतायचा. पत्र लिहिताना वकिलाला हे माहीत असे. तरीही तो ‘येथील मजकूर तरी’ असा आरंभ करून लिहीत राही. त्याच्या धैर्याविषयी कोणी पोवाडा रचलेला नाही, मला मात्र ते धैर्य फार मोठे वाटते.

दिल्ली पिळून झाल्यावर अब्दालीची दृष्टी पळून गेलेल्यांकडे वळली. फेब्रुवारीच्या अखेरीस तो जाटांच्या मुलखावर निघाला. बल्लभगडास वेढा पडला. जहानखान आणि नजीबखान यांना पुढे धाडण्यात आले, आणि मारलेल्या प्रत्येक शिरामागे पाच रुपये मिळतील असा हुकूम झाला. मथुरेच्या अलीकडे चौमुहा येथे सूरजमलाचा पुत्र जवाहरसिंह याच्या जाटांनी रस्ता अडवून झुंज दिली आणि हजारोंनी देह ठेवला. त्यानंतर, १ मार्च १७५७ रोजी, होळीच्या तोंडावर, तटबंदी नसलेल्या त्या तीर्थक्षेत्रात पठाणी घोडेस्वार शिरले.

तेथे जे झाले त्याची सर्वांत जवळची साक्ष मराठी कागदांत नाही. ती गुलाम हसन समीन या बिलग्रामच्या गृहस्थाने फारसीत लिहून ठेवली आहे. फर्रुखाबादच्या अहमदखान बंगशाच्या वतीने अब्दालीच्या छावणीत आलेल्या मंडळींत तो होता, म्हणजे तोही एका अर्थी वकिलातीचाच मनुष्य. छावणीत परतणाऱ्या स्वारांच्या घोड्यांवर लुटीच्या गाठोड्यांच्या वर बसवलेले कैदी, आणि कैद्यांच्या डोक्यांवर शिरांची गाठोडी, हे त्याने पाहिले. पकडून आणलेल्या माणसांकडून आधी दळण दळून घेतले जाई आणि मग त्यांचीही शिरे कापली जात, हे त्याने लिहिले. वृंदावनात दुर्गंधीने श्वास घेणे कठीण झाले होते. यमुनेचे पाणी सात दिवस तांबडे वाहिले आणि मग पिवळसर झाले, असे त्याला तिथल्या माणसाने सांगितले.

समीनाच्या वृत्तांतातील एक माणूस माझ्या मनातून जात नाही. कत्तलीनंतर काही दिवसांनी समीन मथुरेच्या उद्ध्वस्त गल्ल्यांतून जात असता एका पडक्या जागेतून एक नग्न मनुष्य बाहेर आला आणि त्याने खायला मागितले. तू कोण, असे विचारल्यावर तो म्हणाला की मी मुसलमान आहे, जवाहिऱ्या होतो, माझे मोठे दुकान होते. शिपाई तलवार उपसून आला तेव्हा त्याने आपला धर्म सांगितला होता. त्याचा उपयोग झाला नाही. जखमा घेऊन तो पडून राहिला, आणि जगला. हिंदूंच्या शिरांवर बक्षीस लावणाऱ्या फौजेने मथुरेत काय केले हे सांगताना या जवाहिऱ्याला वगळणारा इतिहास अपुरा राहील. आणि त्या एकाला पुढे करून हजारो बैरागी, यात्रेकरू आणि बायकामुले यांचा विसर पाडणारा इतिहास तर खोटाच ठरेल. समीनाने दोन्ही लिहिले. तो मुसलमान होता, फारसीत लिहीत होता, पठाणांच्या छावणीत राहत होता. आणि त्याने जे पाहिले ते लिहिले.

मथुरेहून फौज पुढे गोकुळावर गेली. तेथे नागा गोसाव्यांनी अंगाला राख फासलेल्या अवस्थेत शस्त्रे घेऊन तिला अडवले, आणि त्यांच्यातले पुष्कळ पडले, तसे पठाणही पडले. या वेळी अब्दालीजवळ असलेल्या जुगलकिशोर नावाच्या एका माणसाने, जो बंगालच्या सुभ्याचा वकील होता, त्याला सांगितले की गोकुळात नागव्या फकिरांवाचून काही नाही, तेथे द्रव्य मिळणार नाही. फौज माघारी वळवण्यात आली आणि गोकुळनाथाचे देऊळ वाचले. वकिलाने देवालयाचे पावित्र्य सांगितले असते तर कोणी ऐकले नसते. त्याने नफ्यातोट्याची भाषा वापरली. ऐकणाऱ्याची भाषा ओळखून तीत आपले काम बसवणे हे वकिलीचे मर्म आहे, आणि त्या दिवशी ते मर्म एका वस्तीच्या उपयोगी पडले.

शेवटी ज्याने अब्दालीला थांबवले तो ना जाट होता, ना मराठा. महावनाजवळ त्याच्या छावणीत, प्रेतांनी दूषित झालेल्या यमुनेच्या काठी, उन्हाळा चढू लागताच महामारी सुरू झाली. रोज दीडशे माणसे मरू लागली. औषध नव्हते, चिंचेचे पाणी दिले तर गुण येतो असे आढळले, आणि चिंचेचा भाव शेरास शंभर रुपये झाला. एका शेर चिंचेला शंभर रुपये! ज्या छावणीत सोन्याच्या समया गाठोड्यांत बांधून ठेवल्या होत्या, त्या छावणीत कोणा अफगाण स्वाराने आपल्या भावाच्या कोरड्या ओठांसाठी अंगठ्या मोजून चिंच विकत घेतली असेल. तो स्वारही कोणाचा तरी मुलगाच होता, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

मार्चअखेर अब्दाली परत फिरला. लुटीचे ओझे वाहण्यास अठ्ठावीस हजार उंट, हत्ती, खेचरे, बैल आणि गाडे लागले, असा त्या वेळचा आकडा आहे. दिल्लीत कोणाच्या घरी घोडा-उंट तर राहोच, गाढवही राहिले नाही. आणि घोडेस्वार स्वतः पायी चालत होते, कारण घोड्यांवर माल लादला होता. हा शेवटचा तपशील कोणी कल्पनेने रचील असे मला वाटत नाही. तो वेशीवर उभे राहून जाणाऱ्या फौजेकडे पाहणाऱ्या माणसाचा तपशील आहे.

असे कागद आपल्या हाती आले ते थोड्या माणसांच्या हट्टामुळे. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी १८९८ साली वाईस छापलेल्या आपल्या इतिहास-साधनांच्या पहिल्या खंडात १७५० ते १७६१ या काळातील पत्रे आणली. गोविंद सखाराम सरदेसायांनी पुण्याच्या पेशवे दफ्तरातील हजारो रुमाल चाळून १९३० पासून चार वर्षांत पंचेचाळीस भाग प्रसिद्ध केले. आणि खुद्द हिंगण्यांचे दफ्तर भारत इतिहास संशोधक मंडळाने गणेश हरि खरे यांच्या हातून १९४५ च्या सुमारास प्रकाशात आणण्यास आरंभ केला. जदुनाथ सरकारांनी हे मराठी कागद आणि समीनासारख्यांचे फारसी लेख एकमेकांसमोर ठेवून मोगल सत्तेच्या ऱ्हासाचा आपला मोठा ग्रंथ लिहिला, तेव्हा कोठे त्या फेब्रुवारीतील दिल्ली आपल्याला सलग दिसू लागली. वाळवीने खाल्लेल्या एका कोपऱ्यासाठी या मंडळींनी डोळे शिणवले. त्यांचे ऋण मोठे आहे.

याच दफ्तरांतून आणखी एक गोष्ट बाहेर येते, आणि ती सांगितल्यावाचून हा लेख संपवणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. १७६० च्या आरंभी बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले आणि दिल्ली पुन्हा अब्दालीच्या फौजेने लुटली. ती लूट ज्यांनी अंगावर सोसली त्यांत मीर तकी मीर हा कवी होता, आणि त्याने आपल्या फारसी आत्मवृत्तात तिचे वर्णन ठेवले आहे. त्यानंतर सहा-सात महिन्यांनी, ऑगस्टच्या आरंभी, दिल्ली ताब्यात घेणारे आले ते आपले होते. पेशव्यांचे चुलतबंधू सदाशिवरावभाऊ यांनी किल्ला घेतला तेव्हा त्यांच्याबरोबर दक्षिणेची विस्तीर्ण फौज होती, फौजेबरोबर बाजारबुणगे आणि यात्रेकरू होते, आणि खजिना मात्र रिकामा होता. शिबंदीचा रोजमुरा देता येईना. दिवाण-इ-खासाचे चांदीचे छत उतरवून त्याचे रुपये पाडण्यात आले, आणि ते सुमारे नऊ लक्ष भरले. फौजेच्या एका महिन्याच्या खर्चासही ते पुरण्याजोगे नव्हते.

छत उतरवण्याचा दोष भाऊंना देणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचा बचाव करणारेही आहेत. मला त्या वादात शिरायचे नाही. मी फक्त एवढे पाहतो की भाऊंच्या दिल्लीतील मुक्कामाच्या दोन महिन्यांतील मराठी पत्रांत महर्गतेचा, म्हणजे धान्याच्या महागाईचा, उल्लेख पुनःपुन्हा येतो. घोड्यांना दाणा नाही, माणसांना अन्न नाही, सावकार उभा करीत नाही. तो मजकूर आपल्या फौजेच्या कष्टाचा म्हणून लिहिलेला आहे. परंतु ज्या शहरात विजयी फौजेलाच धान्य मिळत नाही, त्या शहरातील विणकराच्या, भिस्त्याच्या, विधवेच्या घरी काय शिजत असेल? १७५७ च्या कागदांत हा प्रश्न मनात येताच उत्तर सुचते, कारण उपद्रव देणारा परका असतो. १७६० च्या कागदांत तोच प्रश्न विचारताना वाचणाऱ्याचा आवाज थोडा खाली येतो, आणि तो तसा आला पाहिजे. भूक लिहिणाऱ्याच्या बाजूची असो की दुसऱ्या बाजूची, धान्याचा भाव एकच असतो.

दिल्लीतून आणि पुढे पानिपताच्या खंदकामागून भाऊंनी जी पत्रे पाठवली, त्यांतील कितीतरी मराठ्यांचे उत्तरेकडील अंमलदार गोविंदपंत बुंदेले यांच्या नावे आहेत. दुआबातून रसद पाठवा, ऐवज पाठवा, अब्दालीची रसद मारा, दिरंगाई करू नका, हाच त्यांचा आशय. आधी समजावून, मग तगादा लावून, मग कठोर शब्दांत, मग पुन्हा विनवणीने. वृद्ध गोविंदपंत थोड्या लोकांनिशी दुआबात धावपळ करीत राहिले, आणि १७ डिसेंबर १७६० रोजी अब्दालीच्या बाजूच्या अताईखानाच्या स्वारांनी त्यांना बेसावध गाठून ठार मारले. त्यांच्या नावे येणारी पत्रे तेथे थांबतात.